लिहिलं तूप, दिसलं पूत

लहानपणी अकोल्याच्या आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या सुट्टीत 'च'ची भाषा चालायची. शब्दाचं पहिलं व्यंजन उचलून शेवटी न्यायचं आणि त्याच्या रिकाम्या जागी 'च' बसवायचा. कमल झाली चमलक, पाणी झालं चाणीप, गोड झालं चोडग. मोठी माणसं समोर बसलेली असताना दुपारी कोणाच्या वावरात कैऱ्या पाडायच्या, हे या भाषेत ठरत असे. तिचा कोश आम्ही कधी पाठ केला नाही. नियम एका ओळीचा होता आणि त्यातून हवे तितके शब्द पडत होते.

संगणकावरचे खेळ बनवणारे लोक आज हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करतात. खेळातली प्रत्येक टेकडी, प्रत्येक गाव, प्रत्येक राजाचं नाव माणसाने हाताने लिहीत बसण्यापेक्षा यंत्राला नियम द्यायचे आणि सुरुवातीचा एक आकडा द्यायचा. उरलेलं जग यंत्र उभं करतं. या पद्धतीला प्रोसिजरल जनरेशन म्हणतात आणि त्या पहिल्या आकड्याला सीड, म्हणजे बियाणं. आपण वऱ्हाडातले, आपण त्याला सरकी म्हणू. फरक एवढाच की पेरलेल्या सरकीतून काय येईल ते पावसावर आणि बोंडअळीवर अवलंबून असतं. यंत्रातली सरकी मात्र तीच पेरली तर पानापानाने तेच जग पुन्हा उगवतं.

१९८० च्या 'रोग' या जुन्या खेळात भुयारात सापडणाऱ्या मंत्रपत्रांची नावं यंत्र दर डावाला नवी, निरर्थक अक्षरं जोडून बनवायचं. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी 'एलिट' लिहिला तो ३२ किलोबाइट स्मृतीच्या बीबीसी मायक्रो संगणकासाठी. एवढ्याशा जागेत त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ तारे. ताऱ्यांची नावं कुठेच साठवलेली नव्हती. दोन-दोन अक्षरांच्या जोड्या नियमाने जोडून ती त्या क्षणी तयार होत. पुढे टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांच्या 'ड्वार्फ फोर्ट्रेस'ने, जो २००६ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आला, शेकडो वर्षांचा इतिहास, लढाया, घराणी, पुढे तर काव्यप्रकार आणि नृत्यप्रकारसुद्धा नियमांतून घडवले.

एवढं सगळं यंत्राला जमतं, तर त्या काल्पनिक माणसांची लिपी का जमू नये? खेळातल्या पडक्या देवळाच्या भिंतीवर जे कोरलेलं असेल, ते प्रत्येक नव्या जगात नवं आणि तरी खरं वाटावं, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही. आणि दरवेळी तो मला मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला नेऊन सोडतो.

आधी यंत्राची बाजू पाहू. पहिला मोह असा होतो की यंत्राकडून वाकड्यातिकड्या रेषा काढून घ्याव्यात आणि त्यांना अक्षरं म्हणावं. तसं केलं की पानभर किडे फिरल्यासारखं दिसतं. डोळ्याला लगेच कळतं की हे कोणाच्या हाताने लिहिलेलं नाही. खरं अक्षर हाताच्या हालचालीतून जन्मतं. २०१५ मध्ये ब्रेंडन लेक, रुस्लान सालाखुतदिनोव आणि जोशुआ टेननबाउम यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक काम प्रसिद्ध केलं. जगातल्या ५० लिप्यांमधली १६२३ अक्षरं त्यांनी माणसांकडून काढून घेतली होती, आणि अक्षराचं चित्र तेवढं न साठवता रेघ कुठून सुरू झाली, कुठे वळली, हात कुठे उचलला हेही टिपलं होतं. त्यात गुजराती, बंगाली यांच्यासोबत काही काल्पनिक लिप्याही होत्या. त्यांच्या प्रोग्रामने अक्षराकडे रेघांची कृती म्हणून पाहिलं. एक अनोळखी अक्षर दाखवलं की तो ते आपल्या 'हाताने' पुन्हा लिहायचा, आणि माणसाने लिहिलेलं कोणतं, यंत्राने लिहिलेलं कोणतं, हे बघणाऱ्यांना धड ओळखता येत नव्हतं.

म्हणजे यंत्राला आधी हात द्यावा लागतो. हातात काय आहे तेही सांगावं लागतं. ओल्या मातीवर बोरूचं टोक दाबणाऱ्या सुमेरी लेखनिकाची अक्षरं खिळ्यांसारखी झाली. ताडपत्रावर लोखंडी कंटकाने आडवी सरळ रेघ ओढली तर पान शिरेवर फाटतं, म्हणून ओडिया आणि दक्षिणेतल्या लिप्या गोलाकडे वळल्या. लाकडावर कोरणाऱ्या उत्तर युरोपातल्या लोकांनी त्यांच्या रून अक्षरांत आडव्या रेघा टाळल्या, कारण त्या लाकडाच्या रेषांमध्ये हरवतात. आपली देवनागरी जाड-बारीक दिसते ती बोरूच्या तिरक्या कापामुळे.

याचा सुंदर दाखला आपल्या मातीतच मिळतो. अचलपूरजवळच्या चम्मक या गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला हा दानलेख. गावाचं नाव त्यात चर्मांक असं आहे आणि ते गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. त्याची अक्षरं पाहिली की नजर खिळते, कारण प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकट आहे, जणू प्रत्येकाने पेटी डोक्यावर घेतली आहे. अभ्यासक या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. वाकाटकांच्या लेखांचा मोठा संग्रह वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये सिद्ध केला, त्यात या चौकटी पानोपानी भेटतात. त्या चौकटीला उच्चारात काही काम नाही. ती काढून टाकली तरी क हा क-च राहतो. पण तीच त्या लिपीची ओळख आहे, घराण्याच्या पागोट्यासारखी. अक्षरं घडवणाऱ्या यंत्राला मी पहिला नियम शिकवीन तो हा, की सगळ्या अक्षरांना एक सामाईक लकब असली पाहिजे. देवनागरीची शिरोरेघ ही तशीच लकब आहे. अक्षरं सुटी सुटी देखणी असून भागत नाही, ती एका घरातली वाटली पाहिजेत.

दुसरा नियम उलट्या दिशेने ओढतो. अक्षरं एका घरातली हवीत, पण एकमेकांत मिसळता कामा नयेत. घ आणि ध, म आणि भ, ख आणि रव यांनी किती पिढ्यांची मुलं रडवली! तरीही आपण ती टाकली नाहीत, कारण वाक्याच्या ओघात घर आणि धर यांतलं कोणतं ते कळतंच. खऱ्या लिपीत थोडा गोंधळ खपतो. यंत्राने सगळी अक्षरं काटेकोर अंतर राखून बनवली तर ती रस्त्यावरच्या वाहतुकीच्या चिन्हांसारखी दिसतात. मार्क चांगिझी आणि शिन्सुके शिमोजो यांनी २००५ मध्ये शंभराहून जास्त लिप्या तपासल्या तेव्हा त्यांना आढळलं की एका अक्षरात सरासरी तीनेक रेघा असतात, मग लिपीत वीस अक्षरं असोत की दोनशे. माणसाच्या डोळ्याला आणि मनगटाला झेपणारं माप बहुधा तेवढंच असावं.

किती अक्षरं हवीत, हे लिपीच्या जातीवर ठरतं. सुटे स्वर आणि व्यंजनं लिहिणाऱ्या रोमनसारख्या लिपीचं काम पंचवीस-तीस चिन्हांत भागतं. चिनीसारखी शब्दचिन्हं असतील तर हजारो लागतात. आपली जात मधली आहे. व्यंजनात अ मुरलेला असतो, बाकी स्वर मात्रांच्या रूपाने आजूबाजूला बसतात. एक व्यंजन आणि बाराखडी मिळून घराणंच तयार होतं, म्हणजे आपली बाराखडी हासुद्धा निर्मितीचाच नियम. कॅनडातल्या क्री लोकांसाठी १८४० च्या सुमारास जेम्स इव्हान्स यांनी केलेल्या लिपीत तर मात्राही नाहीत. तेच चिन्ह चार दिशांना फिरवलं की चार स्वर. कोरियाच्या राजा सेजोंगने १४४३ मध्ये घडवलेल्या लिपीत व्यंजनांचे आकारच जीभ आणि ओठ यांच्या ठेवणीवरून घेतले आहेत. यंत्राला अशा लिप्या फार आवडतील, कारण थोडक्या नियमांत त्या पूर्ण सांगता येतात.

इथपर्यंतचं काम हुशार विद्यार्थी दोन-तीन महिन्यांत करू शकेल. अडचण पुढे आहे. यंत्राने दिलेली अक्षरं हाताची वाटतील, एका घरातली वाटतील, वाचताही येतील. तरी ती लिपी कोणाची तरी आहे असं वाटणार नाही, कारण तिच्यामागे गरज नसेल. लिपीला गरज कशी जन्म देते, हे समजून घ्यायला रिद्धपूरसारखी दुसरी जागा मला माहीत नाही.

रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचं गाव. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे ते गुरू. स्वामींच्या पश्चात नागदेवाचार्यांच्या भोवती जमलेल्या मंडळींनी इथे आठवणी गोळा केल्या. म्हाइंभटांनी ज्याने पाहिलं त्याला गाठून, विचारून, तपासून तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मराठी गद्याचा पाया तो. महदंबेचे धवळेही याच परिसरातले. या मंडळींचा मराठीचा आग्रह जगजाहीर आहे. संस्कृतात लिहिण्याची ताकद असलेल्या केशोबासांना नागदेवाचार्यांनी मराठीकडेच वळवलं, कारण स्वामींचा उपदेश साध्या बायाबापड्यांसाठी होता.

आणि याच पंथाने पुढे आपले ग्रंथ गुप्त लिप्यांत बांधले. भाषा सर्वांसाठी उघडी, लिपी कुलूपबंद. या विरोधाभासाने मी कितीदा तरी थबकलो आहे.

त्या लिप्या वीसहून अधिक आहेत. सकळी, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, श्री, वज्र, मनोहरा, कवीश्वरी. नुसती नावं वाचली तरी एखाद्या कल्पनारम्य खेळात शिरल्यासारखं वाटतं. यांतली सर्वांत प्रसिद्ध सकळी. तिचं कर्तृत्व परंपरा 'सह्याद्रिवर्णन' लिहिणाऱ्या रवळोबासांना देते, म्हणजे आपण चौदाव्या शतकात आहोत. सकळीची रीत अशी की नेहमीच्या अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह ठेवायचं. किल्ली माहीत असलेला सहज वाचतो, नसलेला पोथी उघडून नुसता बघत राहतो.

अशा अदलाबदलीची विद्या आपल्याकडे जुनी आहे. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प नावाची एक कला आहे, ती हीच. तिच्यावरच्या टीकेत मूलदेवीय नावाची एक रीत दिली आहे. तिच्यातला एक भाग इतका सोपा आहे की वाचकाने हातासरशी करून पाहावा. च वर्गाची ट वर्गाशी आणि त वर्गाची प वर्गाशी जागच्या जागी अदलाबदल करायची. त च्या जागी प, प च्या जागी त. न च्या जागी म, म च्या जागी न. मात्रा जिथल्या तिथे. आता तूप लिहा, दिसेल पूत. बाप लिहा, दिसेल दात. माप लिहिलं तर नात, भात लिहिला तर धाप, नाम लिहिलं तर मान. कुलूप लावलेला शब्दही मराठीच दिसतो, आणि चोराला कुलूप आहे हेच कळत नाही.

हे शक्य झालं ते आपल्या वर्णमालेच्या मांडणीमुळे. क पासून म पर्यंतची पंचवीस व्यंजनं पाच ओळींत आणि पाच रकान्यांत बसली आहेत, तीही तोंडात आवाज कुठे उमटतो त्या क्रमाने. सारीपाटाचा पट आधीच आखलेला आहे, सोंगट्या कशा हलवायच्या एवढंच ठरवायचं. अंकपल्लवी याच पटावर खेळली जाते: वर्गाचा आकडा, वर्गातल्या अक्षराचा आकडा, मग स्वराचा आकडा. क वर्ग पहिला आणि अ स्वर पहिला धरला तर तूप होतं ४-१-६, ५-१-१. रोमन लिपीत ए नंतर बी का येतो याला आवाजाचं काही कारण नाही, म्हणून ज्युलियस सीझरला सगळी अक्षरं तीन घरं पुढे सरकवण्यापलीकडे फारसं काही सुचण्यासारखं नव्हतं.

आता यंत्राची भाषा आठवा. नियम आणि सरकी. महानुभावांच्या लिपीत नियम म्हणजे अदलाबदलीची रीत, आणि सरकी म्हणजे किल्ली. मराठीची चौतीस व्यंजनं एकमेकांच्या जागी किती प्रकारांनी बसवता येतील? जवळपास ३ वर ३८ शून्यं इतक्या. प्रत्येक प्रकार ही एक नवी लिपी. रिद्धपूरच्या परंपरेतल्या लिपीकारांनी एका देवनागरीतून लिप्यांचं कूळ काढलं, ते नियमांतून निर्मिती करण्याचंच काम होतं, आणि तेही यंत्राच्या सहाशे वर्षं आधी. कौतुकाच्या भरात मी हे म्हणत नाही. करण्याची रीत खरोखर तीच आहे.

पण त्यांच्याकडे यंत्राला नसलेली एक गोष्ट होती. किल्ली कोणाला द्यायची, हे त्यांना माहीत होतं.

पंथाचे तेरा आम्नाय मानले जातात, म्हणजे गुरुपरंपरेच्या शाखा. कवीश्वर हा त्यांतला एक मोठा आम्नाय, आणि कवीश्वरी हे एका लिपीचं नाव. लिपी, शाखा आणि गुरू यांचं नातं असं नावातच उमटतं. किल्ली गुरूकडून शिष्याकडे जायची. ग्रंथ लपवण्याची कारणं अभ्यासक वेगवेगळी देतात. उपदेश अनधिकारी हातात पडू नये, शब्दांत फेरफार होऊ नये, विरोधाच्या काळात पोथ्या सुरक्षित राहाव्यात. मला यांतलं मधलं कारण सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कुलूपबंद मजकूर सहज 'सुधारता' येत नाही. जुन्या मराठीतल्या लोकप्रिय ग्रंथांमध्ये प्रत्येक नकलकाराने आपल्या काळाची भाषा मिसळली. कुलपाआड राहिलेला मजकूर अशा हातांपासून दूर राहिला.

त्याची किंमतही मोठी होती. मराठी समाजाला आपला पहिला गद्यग्रंथ काही शतकं ठाऊकच नव्हता, आणि जे वाचता येत नाही त्याविषयी लोकांनी वाटेल ते समज करून घेतले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या पिढीने ही किल्ली अभ्यासकांपुढे आणली, तेव्हा मराठी साहित्याचा इतिहासच मागे सरकला. भाव्यांच्या 'महाराष्ट्र सारस्वत'च्या पुढच्या आवृत्तीत महानुभावांना जागा मिळाली. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, आणि बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले वि. भि. कोलते यांनी आयुष्यं या पोथ्यांना दिली. कोलत्यांचं 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढलं. लंडनमध्ये आय. एम. पी. रेसाइड आणि अमेरिकेत अ‍ॅन फेल्डहाउस यांनी याच साहित्यावर काम केलं. पंथीय महंतांनी विश्वास टाकून पोथ्या उघडल्या नसत्या, तर यांतलं काहीही झालं नसतं.

किल्ली कोणी दिलीच नसती तर? तरी सकळीसारखी लिपी फुटली असती, आणि का फुटली असती हे खेळ बनवणाऱ्यांनी नीट समजून घ्यावं. अक्षराच्या जागी अक्षर ठेवलं तरी भाषेच्या सवयी लपत नाहीत. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने हे लिहून ठेवलं होतं: जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा येतं, ते त्या भाषेतल्या सर्वांत जास्त वापराच्या अक्षराचं. 'लीळाचरित्रा'त तर गोसावी, सर्वज्ञ, भट, बाइसें, म्हणितलें हे शब्द पानोपानी येतात. तीच चिन्हं त्याच क्रमाने शेकडो वेळा दिसली की धीराचा वाचक आत शिरतो. ब्राह्मी अशीच उघडली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपच्या लक्षात आलं की सांचीच्या कठड्यांवरचे छोटे लेख एकाच अक्षरजोडीने संपतात. भाविकांनी दिलेल्या दगडांवर शेवटी काय असणार? दानं. दोन अक्षरं सापडली आणि अशोकाचं तोंड उघडलं.

खेळातल्या लिपीचा आनंद इथेच आहे. यंत्राने मजकूर म्हणून नुसती चिन्हं उधळली तर खेळणाऱ्याला धरायला काही उरत नाही. आधी भाषा हवी, भाषेत नेहमी येणारे शब्द हवेत, दात्यांची नावं, देवांची नावं, शिव्याशाप, हिशेब हवेत. २०१९ चा 'हेवन्स व्हॉल्ट' आणि २०२३ चा 'चांट्स ऑफ सेनार' या खेळांत खेळणारा अनोळखी लिपी उलगडतो आणि त्या उलगडण्यात रमतो. पण त्या लिप्या माणसांनी हाताने रचलेल्या आहेत, प्रत्येक डावाला त्याच. यंत्राने दरवेळी नवी आणि तरीही उलगडण्याजोगी लिपी द्यायची, तर त्याला भाषा, लोक आणि त्यांची गुपितं एकत्रच घडवावी लागतील.

काळही घडवावा लागेल. एकच लिपी काही शतकांत किती बदलते ते पाहायचं तर मोडी पाहावी. परंपरा तिचा संबंध यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्याशी जोडते. म्हणजे साधारण एकाच यादवकाळाच्या आगेमागे महाराष्ट्रात अक्षरांवर दोन उलट गरजा काम करत होत्या: दरबाराला झटपट लिहायचं होतं आणि पुढे पंथाला झाकून लिहायचं होतं. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरं तिच्याखाली लोंबवत न्यायची. ऱ्हस्व-दीर्घाची चैन परवडत नाही, म्हणून ती सोडली. यादवकालीन, बहमनी, शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन असं तिचं वळण पिढ्यानुपिढ्या बदलत गेलं. गुपित ठेवायचा कोणाचाही हेतू नव्हता. तरी विसाव्या शतकाच्या मध्याला तिचा वापर थांबला आणि आज वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत आजोबांचं खरेदीखत नातवाला सकळीइतकंच परकं आहे. किल्ली मुद्दाम लपवली काय आणि द्यायची राहून गेली काय, पोथीसमोर बसलेल्याची अवस्था सारखीच होते. युनिकोडने २०१४ मध्ये मोडीला जागा दिली, तेव्हा ती निदान संगणकाच्या अक्षरमालेत तरी परत आली.

गरज किती साध्या ठिकाणी संकेत घडवते, याचं एक उदाहरण कापसाच्या बाजारातलं. सौदा करताना दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, त्याला हत्ता म्हणत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा असे आणि त्यालाच भाव कळत नसे. वऱ्हाडातल्या कारंज्यात १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला मानला जातो. उघड बोलीने सौदे व्हावेत हा अशा बाजारांमागचा हेतू. संकेत म्हटला की आपल्याला तो रम्य वाटतो. पण किल्ली कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, यावर तो रक्षण करतो की लुबाडतो हे ठरतं. खेळातल्या राज्यात पुजाऱ्याची लिपी वेगळी, व्यापाऱ्याची वेगळी, आणि वावरात राबणाऱ्याला दोन्ही येत नाहीत, एवढं जरी यंत्राने उभं केलं, तरी ते राज्य कोणाचं आहे हे खेळणाऱ्याला न सांगता कळेल.

असा खेळ मी मनात अनेकदा रचला आहे. पूर्णा नदीसारखी एक नदी, काठावर काळी माती, उत्तरेला मेळघाटासारखा डोंगर. पहिल्या शतकांत ताम्रपट, म्हणून पेट्या डोक्यावर घेतलेली अक्षरं. मग कागद येतो, बोरू येतो, अक्षरं वाकू लागतात. एक गुरू निघून जातो, मागे राहिलेले त्याचे शब्द जपायला अक्षरांची अदलाबदल करतात. शिष्यांत फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याबरोबर किल्ली थोडी बदलते. काही जण पंजाबपर्यंत जातात आणि मठात आपली पोथी जपतात, जसे महानुभाव खरोखर गेले आणि जयकृष्णी म्हणून ओळखले गेले. पाचशे वर्षांनंतर खेळणारा त्या मठाच्या दारात उभा राहतो. त्याच्यासमोर दोन वाटा. शब्द मोजत बसायचं आणि कुलूप फोडायचं, किंवा मठातल्या म्हाताऱ्या महंताजवळ बसून त्याचा विश्वास मिळवायचा. दुसरी वाट ज्यात नाही तो खेळ मला अपुरा वाटेल.

अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या, रात्र रात्र खेळ बनवत बसणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. परदेशी खेळांतल्या एल्फांच्या लिप्या पाहून झाल्या असतील, तर एक दिवस रिद्धपूरला जा. मराठी भाषा विद्यापीठ आता त्याच गावात आहे. गोविंदप्रभूंची स्थानं पाहा, पोथी जपणाऱ्या माणसांशी बोला, परवानगी मिळाली तर सकळीचं एखादं पान डोळ्यांनी पाहा. आणि वाचकांपैकी कोणाच्या घरी फडक्यात बांधलेली, न वाचता येणारी पोथी किंवा मोडीचं बाड असेल, तर ते रद्दीत घालू नका आणि नदीत सोडू नका. कोरड्या जागी ठेवा, प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, ती कोणाकडून आली ते एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, आणि जवळच्या महंतांना किंवा मोडी जाणणाऱ्याला दाखवा.